बुरशीचा दवाखाना

किस्से आणि बुरशी, दोन्ही मुद्दाम पेरावी लागत नाहीत. थोडी ऊब, थोडा ओलावा, कोंदट खोली आणि त्यात रोज एकत्र बसणारी माणसं, एवढं असलं की आपोआप धरतात! आमची खोली कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत होती. एका अंगाला लेथ मशीनचं वर्कशॉप, दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या पेट्यांचा कारखाना आणि मधे आमची धान्य तपासायची लॅब. शेंगदाणा, मका, ज्वारी, कोंबड्यांचं खाद्य, जे येईल त्यात बुरशीचं विष आहे का ते बघायचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दारावर भलामोठा इंग्रजी बोर्ड होता, पण तो कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. पत्ता सांगताना सगळे म्हणायचे, "त्यो बुरशीचा दवाखाना न्हवं का? त्येच्या म्होरं!"

दवाखान्यात आम्ही तिघं. देशमाने सर मूळचे साताऱ्याचे, बुरशीत डॉक्टरेट. मी कांबळे, केमिस्ट, माहेर कवठे महांकाळ. आणि बाळासाहेब. ते जीपचे ड्रायव्हर, शिपाई, भांडी धुणारे आणि सर बाहेर गेले की लॅबचे मालक.

सरांना आयुष्यात एकच दुःख होतं. बुरशी हे विष आहे, यावर कुणाचा विश्वासच बसायचा नाही. ते कळवळून म्हणायचे, "कांबळेबाई, साप दिसला तर लोक काठी घेऊन धावतात. बुरशी दिसली तर फुंकर मारून खातात!"

*

खुद्द सर मात्र काही फुंकर मारून खाणाऱ्यातले नव्हते. शेजारच्या पेटीवाल्यांकडे सत्यनारायण होता. प्रसाद झाल्यावर पोहे आले. सरांनी पोह्यातले शेंगदाणे एक-एक करून बाहेर काढले, नखाने प्रत्येकाचे दोन भाग केले, उजेडाकडे धरून बघितले आणि बशीच्या कडेला रांगेत मांडले. मग पसंत पडलेले तेवढे खाल्ले.

यजमानीण बाई घाबरल्या. मला आत बोलावून हळूच विचारलं, "साहेबांना शेंगदाणा आवडत नाही का हो?"

मी म्हटलं, "आवडतो की! पण ओळख झाल्याशिवाय खात नाहीत."

घरीही तोच प्रकार. दुपारी डब्याची वेळ टळली की सरांच्या सौभाग्यवतींचा लॅबवर फोन यायचा. "कांबळेबाई, आमची भाकरी पास झाली का अजून तपासणीतच आहे?"

*

आता लॅबला बुरशी तपासायची म्हणजे घरची ओळखीची बुरशीही लागते. सरांनी पावसाळाभर काचेच्या बशांमधून नाना जातीची बुरशी वाढवली होती. हिरवी, काळी, पिवळी. एखाद्या बाईने तुळशीचं करावं तसं करायचे त्यांचं. सकाळी आल्याआल्या आधी बशांकडे जायचे, मग आमच्याकडे बघायचे.

अशात खंडेनवमी आली. आता कुपवाडात खंडेनवमी म्हणजे काय सांगू! वर्कशॉपा-वर्कशॉपात मशीन धुऊन-पुसून लख्ख करतात, हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. त्या दिवशी सर साताऱ्याला गेले होते. दुपारी परत आले तर लॅबमध्ये उदबत्तीचा धूर. तराजूला हार, सूक्ष्मदर्शकाला हार, फ्रीजवर स्वस्तिक. आणि टेबलावर सगळ्या काचेच्या बशा, राखेने घासलेल्या, आरशासारख्या चकचकीत, प्रत्येकीत एक झेंडूचं फूल!

सर एकेक बशी उचलून बघत राहिले. बाळासाहेब शाबासकीच्या अपेक्षेने उभे. शेवटी तेच म्हणाले, "लय बुरशी चढली हुती, सर! हात सोलून निघालं, पर येक बशी सोडली न्हाई. सनाच्या दिवशी आसली घान ठिवायची व्हय?"

सरांनी नारळ फोडला. दुसरं काय करणार! पण पुढच्या आठवड्यात मी सूक्ष्मदर्शकाच्या मागे झाडायला वाकले तर तिथे त्या नारळाचा एक तुकडा पडलेला. त्यावर अशी काही देखणी हिरवीगार बुरशी आली होती की सर तो तुकडा दोन्ही हातांत धरून सगळ्या लॅबभर फिरले. "बाळासाहेब, देव पावला हो!"

*

त्याच मोसमात आमच्याकडे बयाक्का आली. तेव्हापासून लॅबमधलं निम्मं बोलणं तिच्याबद्दलच असायचं.

जतच्या पुढे कर्नाटकाच्या हद्दीला लागून एक वाडी आहे, तिथली ही म्हातारी. धनगराचं घर. मुलगे मेंढरं घेऊन कृष्णाकाठी गेलेले. घरी ती, सून आणि नातवंडं. त्या साली ज्वारीची कणसं कापून खळ्यावर पडली आणि नेमका पाऊस आला. ज्वारी भिजली, काळी पडली. तशीच मळून कणगीत भरली. आणि त्या ज्वारीची भाकरी खाल्ली की घरात पोरांच्या पोटात गुडगुड, कळा आणि हगवण. थोरांचं एक वेळ ठीक, पण धाकटी नात अगदी वाळून गेली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "जोंधळा तपासून घ्या." जोंधळा म्हणजे ज्वारीच.

म्हणून बयाक्का एसटीने आली. पदराच्या गाठीतनं तिने टेबलावर ज्वारी ओतली. मोत्यासारखी! एक डाग नाही, एक खडा नाही. आम्ही तपासली, काही सापडलं नाही. सर खूश झाले. "आजी, ज्वारी एकदम उत्तम आहे. खा खुशाल!"

मला मात्र चैन पडेना. भिजलेली ज्वारी अशी कशी असेल? म्हटलं, "बयाक्का, सगळी कणगी अशीच आहे?"

"आशी कशी आसंल, बाय! सुनंनं आन मी बसून दाना-दाना निवडला. सायबाच्या म्होरं घान कशी आनायची? काय म्हंतील लोक!"

"आणि निवडून काढलेली काळी ज्वारी?"

"ती दळली की. खाल्ली आमी. टाकायची व्हय?"

सर खुर्चीत बसले ते बसलेच. भारतातल्या कुठल्याही पुस्तकात ही पद्धत लिहिलेली नव्हती. चांगलं होतं ते दवाखान्याला आणि वाईट होतं ते पोटाला! वर बयाक्काच आम्हाला समजावून सांगते, "गावाकडनं येताना मोकळ्या हातानं यायचं आस्तं का, लेकरा?"

मग सर स्वतः वाडीला गेले आणि कणगीच्या तळातनं ज्वारी काढून आणली. ती तपासली. निकाल वाईट आला. फार वाईट. हा जोंधळा घरातनं गेला पाहिजे, नाहीतर ती नात काही तग धरत नाही, असं सर मला म्हणाले. तेव्हापासून सरांना तो एकच ध्यास लागला.

*

मधे एक कोंबड्यांचा किस्सा झाला तो सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तासगावकडचे एक पोल्ट्रीवाले. त्यांची पिल्लं पटापटा मरायला लागली. त्यांनी आधी शेडला लिंबू-मिरची बांधली, मग अंगारा लावला आणि सगळ्यात शेवटी आमच्याकडे मका आणला. मक्यात विष निघालं. मका टाकला आणि पिल्लं मरायची थांबली. माणूस इतका उपकृत झाला की एक दिवस मोटारसायकलला दोन जिवंत कोंबडे उलटे टांगून लॅबमध्ये हजर!

"ह्ये घ्या, सर. त्योच मका खाऊन बी ही दोगं जगली. लय दनकट माल हाय!"

सर दोन पावलं मागे सरकले. "बाळासाहेब, हे कोंबडे कुणीही खायचे नाहीत. त्यांना लांब नेऊन ठेवा."

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "कोंबडे कुठे ठेवलेत?"

बाळासाहेबांनी छताकडे बघितलं. "लांबच ठिवल्यात, सर."

"लांब म्हणजे कुठे?"

"प्वाटात."

सर ओरडलेच. बाळासाहेब शांत. "आवं सर, मका कोंबड्यानं खाल्ला. मी कोंबडा खाल्ला. मधी लय अंतर हाय!"

पुढे पंधरवडाभर सर रोज सकाळी बाळासाहेबांच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून कावीळ बघायचे. बाळासाहेबांची तब्येत त्या पंधरवड्यात उलट सुधारली. मला म्हणाले, "बाई, बायकू बी कवा माज्या डोळ्यात आसं बघत न्हाई!"

*

तिकडे बयाक्का काही ऐकेना. डोळ्यांना दिसत नाही ते विष कसलं, असं तिचं म्हणणं. सर म्हणाले, "दिसत नाही ना? दाखवतो!"

आमच्याकडे एक जांभळ्या उजेडाचा दिवा होता. काही बुरशींचं विष त्या उजेडात चमकतं. सरांनी बाळासाहेबांकडून तो जीपच्या बॅटरीला जोडून घेतला आणि सोबत त्या पोल्ट्रीच्या मक्याचे चार दाणे घेतले. गेलो वाडीला. बयाक्काच्या घरात सगळी वाडी जमली. दाराला घोंगडी टांगली, खिडकीत पोतं कोंबलं. भर दुपारी मिट्ट काळोख! सरांनी दिवा लावला आणि मक्याचे दाणे त्याखाली धरले. काळोखात हिरवट-निळं काहीतरी लकाकलं. बायका "आगं बया!" म्हणून मागे सरल्या. सरांना अगदी भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोक बुरशीला भ्यायले होते!

तेवढ्यात बयाक्का पुढे झाली आणि मूठभर काळा जोंधळा तिने दिव्याखाली धरला. आता जोंधळ्यातलं विष दुसऱ्या जातीचं. ते चमकत नाही. जोंधळा होता तसाच काळा राहिला.

पण चमकत दुसरंच काहीतरी होतं. सरांच्या सौभाग्यवती त्यांच्या पांढऱ्या शर्टाला कसलीशी शुभ्रतेची पावडर लावायच्या. त्या उजेडात सरांचा शर्ट निळाशार पेटल्यासारखा झाला होता. जोंधळा चमकत नाही हे समजावून सांगायला सरांनी तोंड उघडलं, तर दातसुद्धा चमकायला लागले!

काळोखात बयाक्काचा आवाज आला, "आगं, इख जोंधळ्यात न्हाई, सायबाच्या अंगात हाय! धरा त्येला, न्हाऊ घाला!"

परतीच्या वाटेवर सर जत येईपर्यंत शर्टाची बाही निरखत बसले. मग म्हणाले, "कांबळेबाई, शास्त्र बरोबर होतं." बाळासाहेब म्हणाले, "व्हय सर. शर्ट चुकला."

*

दिवा विझला तरी सर हटले नाहीत. दर आठवड्याला जीप वाडीला. नातीसाठी औषध न्यायचं, पुढच्या साली धान्य उन्हात कडकडीत वाळवून, दाताने फोडून बघून मगच भरा म्हणून घोकायचं आणि म्हातारीशी वाद घालायचा. मी दोन-तीनदा बरोबर होते. वाद असा चालायचा.

सर म्हणायचे, "आजी, टाका तो जोंधळा."

"टाकू कुटं? उकिरड्यावर? चुकून दान्यावर पाय पडला तर आमी पाया पडतो, आन तू उकिरड्यावर टाक म्हंतूस?"

"मग राहू दे. पण खाऊ नका."

"मेंढरास्नी घालू?"

"नको."

"कोंबड्यास्नी?"

बाळासाहेबांनी खोकल्यासारखं केलं. सर म्हणाले, "कोंबड्यांना तर मुळीच नको!"

"मंग भिकाऱ्याला घालू?"

"आजी!"

एकदा मात्र ती चिडली नाही. कणगीला टेकून बसली आणि म्हणाली, "सायबा, बाहात्तर सालच्या दुस्काळात सरकारचा तांबडा जोंधळा खाल्लाय आमी. किडं बाजूला करून. त्या साली माजी येक लेक गेली. इखानं न्हाई गेली, लेकरा, भुकंनं गेली. आन आता कनगी भरल्याली हाय तर तू म्हंतूस टाक."

तिला मूर्ख म्हणणारं कुणी असेल तर त्याने त्या कणगीपाशी येऊन बसावं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

नात पुन्हा आजारी पडली तेव्हा म्हातारी हलली. मुलांचा निरोप आला होता. कृष्णाकाठच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली की शेतकरी धान्य देतात, तसं मिळालेलं चांगलं धान्य येणार होतं. म्हणजे उपाशी राहायची भीती नव्हती. प्रश्न एवढाच, की या जोंधळ्याचं करायचं काय. बयाक्का सरांना म्हणाली, "टाकायचा न्हाई. इकायचा न्हाई. जित्राबाला बी घालायचा न्हाई. म्हंजे ह्यो जोंधळा मेलाच की रं."

सर म्हणाले, "मेलाच समजा."

"मंग त्येला माती दिऊ. पर रीतीनं."

*

आणि दिली! आमच्या घरात छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेपासून पिंड-कावळा सगळं बंद, त्यामुळे मी हा प्रकार आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते, आणि तोही जोंधळ्याचा! बयाक्काने आम्हा तिघांना सांगावा धाडला होता. सरांनी आढेवेढे घेतले तर उलटा निरोप आला, "मेला म्हनून तूच सांगितलंस न्हवं? मंग मातीला नगं यायाला?"

रानाच्या कडेला खड्डा खणला होता. वाडीतल्या माणसांनी कणगीतला जोंधळा पोत्यांतून आणून खड्ड्यात ओतला. बयाक्काने हळदकुंकू वाहिलं. मग खड्ड्याच्या काठावर पानावर निवद ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कावळा शिवला तर जोंधळा सुखानं गेला. मंग माती लोटायची. न्हाई शिवला तर त्येचा जीव माज्या घरात आडाकलाय. मंग मी त्येला परत कनगीत न्हेनार. मंग मला कुनी काय सांगायचं न्हाई."

सर माझ्या कानाशी म्हणाले, "कांबळेबाई, एवढी खटपट केली आणि सगळं एका कावळ्यावर आलं हो!"

बाभळीवर कावळे होते. चांगले पाच-सहा. पण एक खाली येईल तर शपथ! सगळे हात जोडून उभे. ऊन चढलं. धाकटी नात आईच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली. सर तिच्याकडे बघत, मग बाभळीकडे बघत. शेवटी त्यांनी हळूच "काव, काव" केलं! डॉक्टरेट मिळालेला माणूस!

वाडीतला एक म्हातारा म्हणाला, "इच्छा ऱ्हायली आसंल त्येची."

दुसरा हसला. "जोंधळ्याची कसली रं इच्छा?"

"कसली म्हंजे? कुनीतरी खावं, येवडीच की."

बयाक्काने पदराने डोळे पुसले. मग खड्ड्याजवळ गेली, वाकली आणि एखाद्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "जा बाबा आता. चुकी आमची हाय. वल्लाच भरला तुला. म्होरल्या साली उन्हात कडकडीत वाळवीन, दातानं फोडून बगीन, मंगच कनगीत घालीन. पर खाईन तुलाच. जा."

ही तर सरांची शिकवण! इतके दिवस घसा फोडून सांगितलेली, शब्दन् शब्द. सरांनी माझा हात गच्च धरला. आणि त्याच क्षणी एक कावळा बाभळीवरनं उतरला. काठावर बसला. एक उडी. दुसरी उडी. कावळ्याने पानाकडे मान तिरकी केली.

सरांनी कुजबुजत बाळासाहेबांना विचारलं, "निवद कसला आहे?"

"भाकरी हाय, सर."

"कशाची?"

"आता जोंधळ्याच्या मातीला कशाची आसनार? त्याच काळ्या जोंधळ्याची."

पुढचं कुणाला कळायच्या आत झालं. सर धावले. दोन्ही हात हवेत, चप्पल एक इकडे, एक तिकडे. "हाड! हाड! खाऊ नको! हुश्श!" कावळ्याची चोच भाकरीला लागणार एवढ्यात तो उडाला. सर खड्ड्याच्या काठावर आडवे पडले आणि त्यांनी ती भाकरी छातीशी धरली.

बाळासाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. कावळा शिवला नव्हता. आता जोंधळा परत कणगीत जाणार, आणि तोही सरांच्याच कृपेने!

बयाक्का सावकाश सरांपाशी आली.

"सायबा, कावळ्याला बी न्हाई खाऊ दिलंस?"

सरांना धाप लागली होती. शर्टभर माती. "नाही हो, आजी. त्याला कशाला उगीच त्रास?"

बयाक्काने सरांच्या हातातली भाकरी काढून घेतली. एकदा सुनेच्या खांद्यावरच्या नातीकडे बघितलं. मग ती भाकरी तिने खड्ड्यात टाकली आणि मागे वळून म्हणाली,

"बगताय काय रं? लोटा माती."